एकोणऐंशी नंबरची गाडी

गोदीवर त्यांना सगळे पाढेकाका म्हणत. खरं नाव परवान्यावर होतं, परवाना काचेच्या चौकटीत होता, आणि चौकट इतकी उंच टांगलेली की नाव वाचायला स्टुलावर चढावं लागे. परदेशातून आलेला माल कस्टम्समधून सोडवून द्यायचा हा त्यांचा धंदा. एकतीस वर्षांत आपल्या कागदावर एकदाही लाल शेरा पडलेला नाही, हे ते नव्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसायच्या आत सांगत आणि जुन्याला निघताना पुन्हा एकदा सांगत.

पाढेकाका हे नाव पडलं पुकाऱ्यामुळे. मालाचा अर्ज भरताना ते स्वतः कागद हातात धरून मोठ्यानं वाचत आणि समोरच्यानं कागदाकडे न बघता टाइप करायचं, अशी त्यांची पद्धत. आकडे जोडीजोडीनं वाचायचे, तेही मराठीत. ‘पाच, तीन, सात, आठ’ असं सुटंसुटं वाचलं की ऐकणारा पेंगतो. ‘त्रेपन्न, अठ्ठ्याहत्तर’ म्हटलं की कान टवकारून बसतो, असं त्यांचं शास्त्र होतं. दोघांनी एकाच कागदात डोकं घातलं तर दोघांना एकच चूक बरोबर वाटते, हे त्या शास्त्राचं दुसरं कलम. आणि पुकारणाऱ्याला मधे टोकायचं नाही, हे तिसरं. शेजारच्या ऑफिसातले लोक म्हणत, यांच्याकडे काम चालू आहे की शाळा भरली आहे तेच कळत नाही.

अलीकडे मात्र ते दमले होते. हेही ते स्वतःच सांगत. जिना चढून आले की ‘दमलो’, चहाचा कप खाली ठेवला की ‘दमलो’, फोन ठेवला की ‘दमलो बुवा’. जुना टायपिस्ट नोकरी सोडून गेला तेव्हा लेक दोन महिन्यांसाठी मदतीला म्हणून आली होती. त्याला आता दोन वर्षं झाली होती. कस्टम्सचं ओळखपत्र तिनं परीक्षा देऊन मिळवलं होतं, शेडमधल्या रांगा तीच लावत असे, टाइप तीच करत असे, आणि घरी गेल्यावर कुकरही तीच लावत असे. तिला एकदा सगळं नीट बसवून दिलं की मी मोकळा, असं काका येईल त्याला सांगत. बसवून देणं काही संपत नव्हतं.

अशात दातांचे डॉक्टर आले. उंच, पोक काढलेला, पन्नाशीचा माणूस. बोलणं इतकं हळू की समोरच्यानं आपोआप तोंड उघडावं. त्यांनी बॅगेतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. फोटोत साबणाच्या वडीएवढी दिसणारी एक हिरवी गाडी होती.

“दोनच माणसं बसतात,” डॉक्टर म्हणाले. “इंजीन मागे. जगात जेमतेम दीडशे बनवल्या, मग तो कारखानाच बंद पडला.”

“आणि तुम्ही मावता का हिच्यात?” काकांनी विचारलं.

“गुडघे जरा वर येतात.”

ही गाडी मिळवायला डॉक्टरांच्या नाकी नऊ आले होते. गाडीची मालकीण साता समुद्रापलीकडची एक विधवा बाई. आयुष्यभर पोहायला शिकवून निवृत्त झालेली. तिच्याकडे चार गिऱ्हाइकं होती आणि चौघांना तिनं पत्र लिहून प्रश्न विचारले होते. गाडी कुठे उभी करणार? छप्पर पत्र्याचं की पक्कं? रंग बदलणार का? रागाच्या भरात गाडी चालवायची सवय आहे का? बाकीच्या तिघांनी फक्त रकमेचा आकडा कळवला. डॉक्टरांनी सात पानी उत्तर पाठवलं, गॅरेजचा नकाशा काढून दिला, आणि रागाबद्दल लिहिलं की मी दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतो, मला रागावून चालत नाही. बाईनं गाडी त्यांना दिली.

जुनी गाडी देशात आणायला सरकारची खास परवानगी लागते, आणि ती मिळते एका ठरावीक गाडीसाठी. म्हणजे गाडीच्या अंगावर कोरलेला चासी नंबर परवानगीच्या कागदावर जसाच्या तसा हवा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर गाडी परत जहाजावर. पाढेकाकांनी हे डॉक्टरांना नीट समजावून सांगितलं, आणि वर एकतीस वर्षांचं ऐकवलंच.

परवानगी आली, गाडी जहाजात चढली, दीड महिन्यानं उतरली. मग सोमवारी शेडमधून फोन आला. कागदावर शेवटची जोडी होती ६९. गाडीवर होती ७९.

लेकीनं फाइल काढली. पोहणाऱ्या बाईनं पाठवलेल्या मूळ कागदावर स्वच्छ ७९ होतं. म्हणजे घोळ ऑफिसातच झाला होता, परवानगीचा अर्ज भरताना, आणि तोच चुकीचा नंबर पुढच्या सगळ्या कागदांवर उतरत गेला होता.

काका खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा पडला, आणि मग लाल झाला.

“तुमच्या त्या शाळा!” ते म्हणाले. “सिक्स्टी-नाइन, सेव्हंटी-नाइन. एकोण म्हटलं की तुमच्या पिढीला घाम फुटतो. मी एकोणऐंशी म्हणालो, तू एकोणसत्तर लिहिलंस.”

“तुम्ही एकोणसत्तर म्हणालात, बाबा.”

“मी?”

“एकोणसत्तर म्हणालात आणि मी सहा-नऊ टाइप केलं. एकोण मला येतं.”

“एकतीस वर्षं मी आकडे वाचतोय! तू जन्मायच्या आधीपासून नव्हे, पण तुला अंकलिपी मीच शिकवली. मला सांगतेस एकोणसत्तर?”

फाइल बंद करून तिनं कपाटात ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावायला घेतला, कारण तो कोणीतरी लावायलाच हवा होता.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “आता काय करता येईल?” आणि फोनवर मागून त्यांच्या दवाखान्यातल्या मशीनचा आवाज येत राहिला.

करता येण्यासारखी गोष्ट एकच होती. चूक दुरुस्तीचा अर्ज. गाडीची पुन्हा तपासणी मागायची, नंबराचा ठसा घ्यायचा, आणि अर्जात एक रकाना भरायचा: चूक कोणाची? त्यात तीन चौकोन होते. पाठवणाऱ्याची, टाइप करणाऱ्याची, एजंटची. पाठवणाऱ्याची म्हणायची सोय नव्हती, त्या बाईचा कागद निर्मळ होता. टाइप करणाऱ्याची असेल तर त्याचं ओळखपत्र सहा महिने रद्द. एजंटची असेल तर परवाना जमा आणि चौकशी, आणि चौकशीत गेलेला परवाना काकांच्या वयात, त्रेसष्टाव्या वर्षी, परत हातात पडतो असं गोदीवर कोणी पाहिलेलं नव्हतं. शुक्रवारी जहाज परत जाणार होतं. त्याआधी दुरुस्ती झाली नाही तर गाडीही त्यातूनच परत.

लेकीनं मधल्या चौकोनात खूण केली आणि खाली सही केली.

“सहा महिने मी घरी बसेन,” ती म्हणाली. “परवाना गेला तर ऑफिसच राहत नाही.”

हिशेब सरळ होता. काकांनी मान हलवली. चूक तिची होती, ती तिनं पदरात घेतली, यात बोलण्यासारखं काही त्यांना दिसलं नाही. उलट तीन दिवस ते तिला टोचून बोलत राहिले. जेवताना म्हणाले, “एकोणपन्नास म्हणजे किती सांग बघू?” लिफ्टमध्ये, ओळखीच्या माणसासमोर म्हणाले, “आमच्याकडे ऐंशी अन् सत्तर सारखंच.” लेक पोळीचा घास मोडत राहिली, लिफ्टचं बटण दाबत राहिली. पूर्वी दोघांचं असं काही झालं की ती दोन शब्द उलट ऐकवायची आणि भांडण मिटायचं. आता ती ऐकवेना, त्यामुळे ते मिटेना.

गुरुवारी दुपारी शेडमध्ये तपासणी ठरली. पत्र्याचं उंच छप्पर, खाली तेलाचे डाग, आणि फोर्कलिफ्टवाला मागे येताना वाजणारा तो टी-टी आवाज. पेट्यांच्या दोन रांगांमध्ये गाडी उभी होती. खरोखरीच एवढीशी. काकांच्या कमरेला तिचं छप्पर लागत होतं. डॉक्टर दवाखाना बंद करून आले होते आणि गाडीपासून चार पावलांवर हात मागे बांधून उभे होते, कारण माल सुटेपर्यंत हात लावायचा नाही, हे त्यांना बजावलं होतं. गाडीची आणि त्यांची ही पहिलीच भेट. दिवे, आरसे, टायर, सगळं ते नुसतं डोळ्यांनी चाचपत होते.

तपासणी अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. त्यांना सगळे मॅडम म्हणत. गळ्यातल्या साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी फाइल उघडली.

“तुमच्या कागदावर शेवटी एकोणसत्तर आहे,” त्या म्हणाल्या. “दीडशे गाड्या बनल्या म्हणता. मग एकोणसत्तरवाली कुठेतरी असेलच की. ती आणा. ही कशाला आणलीत?”

“मॅडम, टायपिंगची चूक आहे,” काका म्हणाले.

“ते बघूच. घ्या ठसा. आणि मोठ्यानं वाचा, मी लिहून घेते. तुमची ती पद्धत आहे ना?”

काका खूश झाले. आठवड्यात पहिल्यांदाच कोणी त्यांच्या पद्धतीचं नाव मानानं घेतलं होतं. पुढचं झाकण उघडून ते गुडघ्यांवर बसले. लेकीनं टॉर्च धरला. चाकाच्या वरच्या पत्र्यावर नंबर कोरलेला होता. त्यांनी त्याच्यावर पातळ कागद ठेवला, पेन्सिल आडवी धरून घासली, आणि काळ्या पट्ट्यातून पांढरी अक्षरं वर आली. सुरेख ठसा उठला. बसल्या जागीच त्यांनी तो उजेडात धरला आणि खणखणीत आवाजात पुकारा केला.

“एम, टी. एकवीस. शून्य चार. एकोणसत्तर.”

मॅडमचं पेन थांबलं.

“शेवटचं पुन्हा वाचा.”

“एकोणसत्तर.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

“काका, नीट बघून वाचा.”

आता काका चिडले. गुडघे दुखत होते, पत्र्याखाली उकडत होतं, आणि या बाईला सर्दीनं ऐकू येत नव्हतं त्याला ते काय करणार? त्यांनी ठशावर बोट ठेवलं.

“नीटच बघतोय मॅडम! हा सात, हा नऊ. सात आणि नऊ, एकोणसत्तर!”

डॉक्टर गाडीच्या आरशाकडे बघू लागले. लेकीच्या हातातला टॉर्च हलला नाही.

“लिहिलं बाबा,” ती हळूच म्हणाली. “सात, नऊ. उठा आता.”

तेव्हा त्यांना ऐकू आलं. स्वतःचाच आवाज, जरा उशिरानं. सात दिसला की त्यांच्या तोंडात सत्तर येत होतं, आणि एकोण त्याला जाऊन चिकटत होतं. ज्या गोष्टीवरून तीन दिवस पोरीचा जीव नकोसा केला, ती त्यांच्याच जिभेवर बसलेली होती. दिसत बरोबर होतं, बोललं चुकीचं जात होतं, आणि कानाला काही खटकत नव्हतं. उठताना त्यांनी गाडीला हात टेकला. कोणी त्यांना हात लावू नका म्हणालं नाही.

मॅडमनी फाइलीतला अर्ज वर काढला. मधल्या चौकोनातल्या खुणेवर त्यांनी पेनाचं टोक ठेवलं.

“ही खूण अशीच ठेवायची का?”

“ठेवा मॅडम,” लेक लगेच म्हणाली. “टाइप मीच केलं होतं.”

ते खोटं नव्हतं. काका गप्प बसले असते तर सगळं सुरळीत झालं असतं, हे तिथल्या चौघांनाही कळत होतं. मॅडमना भांडण नको होतं, डॉक्टरांना गाडी हवी होती, लेकीनं सही केलेली होती. परवाना भिंतीवर राहिला असता. सहा महिन्यांनी ती परत आली असती आणि त्यांनी पुन्हा कागद हातात धरून पुकारा सुरू केला असता. काकांना त्या क्षणी गप्प बसावंसं फार वाटलं. इतकं वाटलं की त्याची त्यांना शरम वाटली.

“मॅडम, कोरा अर्ज आहे का?” त्यांनी विचारलं.

“बाबा, काही गरज नाही.”

“तू थांब.”

एका लाकडी पेटीवर कागद ठेवून त्यांनी अर्ज स्वतःच्या हातानं भरला. बऱ्याच वर्षांनी ते स्वतः काही भरत होते. प्रत्येक आकडा लिहिल्यावर तो ते ठशाशी ताडून बघत होते, आणि ओठ मात्र घट्ट मिटलेले. तिसऱ्या चौकोनात त्यांनी खूण केली. कारण लिहायच्या ओळीवर लिहिलं, ‘७९ हा आकडा मी एकोणसत्तर असा वाचला. टाइप करणाऱ्याची चूक नाही.’ मग सही.

मॅडमनी ते दोनदा वाचलं, नाक पुसलं.

“गाडी आज सुटेल,” त्या म्हणाल्या. “परवाना उद्या सकाळी दहापर्यंत आणून जमा करा. चौकशी होईपर्यंत तुमच्या नावानं काम करायचं नाही.” आणि मग, जरा थांबून, “बसून घ्या थोडं, काका.”

डॉक्टरांना गाडीत बसायची परवानगी मिळाली. आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेलं सगळं, असे ते टप्प्याटप्प्यानं आत गेले. गुडघे खरंच स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर आले. चेहऱ्यावर असं हसू पसरलं की काकांना त्यांच्याकडे बघवेना. डॉक्टरांनी खिडकीतून हात काढून काकांचा हात धरला आणि ते काहीतरी चांगलंच बोलले असणार, पण काकांनी ते ऐकलं नाही.

बाहेर शेडच्या पायऱ्यांवर ते बसले. ऊन उतरलं होतं. लेक फाइल छातीशी धरून समोर उभी होती.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “नुसता आकडा नाही. तुला नाही नाही ते बोललो, लोकांच्या देखत बोललो. तू पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतंस.”

“जाऊ द्या ना बाबा.”

“जाऊ कसं देऊ? त्या दिवशी कागद तुझ्यासमोर असता तर हे झालंच नसतं. माझीच पद्धत. कागदाकडे बघायचं नाही म्हणे.”

फाइलीचा बंद तिनं उगाच सोडला आणि परत बांधला.

“मी बघते,” ती म्हणाली.

“काय बघतेस?”

“कागद. तुम्ही पुकारता तेव्हा खिडकी तुमच्या पाठीमागे असते. कागद पातळ असला की मागून आकडे उलटे दिसतात, ते वाचायची सवय झालीय मला. जाड असला तर तुम्ही हात धुवायला उठलात की बघून घेते. चुकीचं वाचलेलं असलं तर मी बरोबर टाइप करते.”

काकांना आधी ते नीट समजलंच नाही.

“म्हणजे याआधीही झालंय?”

“दीड वर्षं होत आलं. महिन्यातून तीन-चारदा. त्रेसष्टला त्र्याहत्तर, एकोणतीसला एकोणीस. सुरुवातीला दोनदा बोलले होते मी, तुम्ही दोन्ही वेळा जेवला नाहीत. मग बोलणं सोडलं आणि नुसतं बरोबर करत गेले.”

शेडमधून ट्रकवर चढणाऱ्या गाडीचा बारीक, चिडका आवाज आला आणि बंद झाला. काका हाताच्या बोटांवर काहीतरी मोजायला लागले आणि मधेच थांबले. दीड वर्षात किती अर्ज गेले, ते त्यांना चांगलं माहीत होतं.

“मग हे?” त्यांनी विचारलं. “हे दिसलं नाही का?”

“दिसलं होतं. बाईंचा कागद पातळच होता. सात-नऊ स्वच्छ दिसत होतं, तुम्ही एकोणसत्तर म्हणालात, माझी बोटं थांबलीसुद्धा.” तिनं खाली पाहिलं. “पण त्या दिवशी सकाळी सहापासून मी शेडमध्ये उभी होते. म्हटलं, असू दे, बाबा म्हणतात तेच असू दे एकदा. फार दमले होते हो मी.”

ते तिच्याकडे बघत राहिले. ऑफिसात हा शब्द आजवर एकट्या त्यांचाच होता.

“बस,” ते म्हणाले, आणि ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.